शंभर पावलं, वीस मिनिटं

"साहेब, तिथे बारा महिने ढग उतरलेले असतात, समोर धरलेला स्वतःचा हात दिसत नाही, तर आत प्राणी आहेत हे तुम्हाला कळतं कसं? की आपलं नुसतंच सांगता?"

यातला पहिला प्रश्न मागच्या बाकावरच्या मैत्रिणींनी पैज लावून तिला विचारायला लावला होता. दुसरा तिने पदरचा घातला. शाळेचं सभागृह इतकं चिडीचूप झालं की छताच्या पंख्याला आपण फार आवाज करतोय असं वाटलं असावं. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. कुणाला तरी बाहेर काढण्याआधी त्या नेहमी चष्मा पुसतात, कारण ज्याला काढायचं तो नीट दिसायला हवा.

तिला वर्गात भोंगा म्हणत. मागच्या वर्षीपर्यंत म्यूट म्हणत. हजेरीला ती इतकं हळू 'हजर' म्हणायची की ओळीने अकरा दिवस तिची गैरहजेरी लागली आणि पालकांना पत्र गेलं. ते पत्र घरी नेऊन द्यायला शाळेने तिच्याच हातात दिलं, ही गोष्ट वेगळी. मग एके दिवशी तिला शोध लागला की आपण मोठ्याने बोललो तरी भिंती पडत नाहीत, आणि तेव्हापासून तिने जी सुरुवात केली ती केलीच.

पाहुणे म्हणून आलेले वनाधिकारी मात्र चिडले नाहीत. बारीक अंगाचा माणूस, बुटांना वाळलेला चिखल, डोळ्यांत झोप. ते ढगराईबद्दल बोलायला आले होते. ढगराई म्हणजे डोंगरावरचं असं जंगल, जिथे ढग डोक्यावरून जात नाहीत, झाडांच्या मधून चालत जातात. "प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले. "पण उत्तर मी दिलं तर तू म्हणशील, नुसतंच सांगतात. तूच ये. चार दिवस बस आमच्याकडे. आणि परत येऊन यांना तूच सांग."

बाईंनी चष्मा परत लावला. "सुट्टीनंतरच्या सोमवारी, सकाळच्या सभेत. पाच मिनिटं तुझी."

मागच्या बाकाने मधल्या सुट्टीत निकाल जाहीर केला. "किती प्राणी दिसले ते आम्ही बोटांवर मोजणार. एक बोट झालं तरी भोंगा. एकही नाही झालं, तर बाई, तू परत म्यूट."

ती मोठ्याने हसली. पण म्यूट असण्यात काय असतं ते मागच्या बाकाला ठाऊक नव्हतं. तिला होतं.

*

घरी तिने विषय काढला तेव्हा बाबा खुर्चीवरून उठलेच. बाबा पार्सल कचेरीत मार्ग आखणारे. कुठलं पार्सल कुठल्या गाडीने, कुठल्या वळणाने, कमीत कमी वेळात कसं पोचेल, याची आखणी हे त्यांचं काम आणि हाच त्यांचा स्वभाव. ते दूध आणायलाही दोन पर्यायी मार्ग ठरवून जातात. चालतात असे की बस सुटतेय. ज्या रस्त्याला बस नाही तिथेही.

"चार दिवस!" बाबा म्हणाले. "चार दिवसांत सगळं जंगल होतं. सकाळी उत्तरेचा कडा, दुपारी धबधबा, संध्याकाळी दक्षिणेची बाजू. मी तक्ता करतो."

"अहो, साहेबांनी एका जागी बसायला सांगितलंय," आई म्हणाली. आई छापखान्यात मुद्रितं तपासते. ओळीखाली पट्टी धरून एकेक अक्षर बघत जायचं, काहीही गाळायचं नाही. बाजारातून घरी यायला तिला बाबांच्या चौपट वेळ लागतो, पण वाटेत कुणाच्या भिंतीचा रंग बदललाय ते तिलाच माहीत असतं.

"एका जागी बसायचंच असेल तर घर काय वाईट आहे?" बाबा म्हणाले आणि तक्ता करायला बसले.

मग अर्ज आला. चार पानी. बाबांना अर्ज भरायला मनापासून आवडतं, त्यामुळे पेन कुणाच्या हाती लागू न देता त्यांनी तो एकटाकी भरला. 'अल्पवयीन व्यक्तीची जबाबदारी घेणारा पालक' या रकान्यात स्वतःचं नाव. आईचं नाव 'इतर सोबती' मध्ये. आणि तिसऱ्या पानावर 'चालण्याचा वेग' असा रकाना होता, तिथे त्यांनी छाती फुगवून लिहिलं: अतिशय जलद, दम न लागता.

आठ दिवसांनी अर्ज परत आला. त्या रकान्याभोवती लाल वर्तुळ होतं आणि बाजूला टीप: 'सदर राखीव जंगलात फक्त मंदगती प्रवाशांना प्रवेश आहे. अर्जदाराचा वेग प्रत्यक्ष चाचणीत पडताळला जाईल. शांत बसता येत असल्याचा वैद्यकीय दाखला जोडावा.'

बाबा तो कागद बराच वेळ बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी फार लवकर पोचल्याबद्दल नापास केलं होतं.

दाखल्यासाठी डॉक्टरांकडे गेले, तर डॉक्टर म्हणाले, "अहो, माझ्याकडे दिवसभर येतात ते सगळे न उठणारे. बसू शकणारा माणूस असा दाखला आजवर कुणी मागितला नाही. असं करा, बाहेर अर्धा तास शांत बसून दाखवा, देतो लिहून." बाबा बाहेर बसले. दहाव्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं की रुग्णांची रांग चुकीची लागलीय. खोकलेवाले आत, इंजेक्शनवाले मागे, आणि नुसती पट्टी बदलणाऱ्या बाई तासभर ताटकळत. विसाव्या मिनिटाला त्यांनी सगळ्यांना उठवून नव्या क्रमाने बसवलं. पंचविसाव्या मिनिटाला दवाखाना रिकामा झाला. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी दाखला दिला, आणि वर बाबांना मंगळवारी परत येता का म्हणून विचारलं. दाखल्यात खोटं काही नव्हतं. 'बसू शकतात' एवढंच लिहिलं होतं. किती वेळ, ते नव्हतं.

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकांना बातमी लागली. काकांनी जगातली एकूण एक जंगलं बघितलीत, टीव्हीवर. ते सल्ला द्यायला खाली आले आणि जेवणाची वेळ होऊन गेली तरी गेले नाहीत.

"ढगात पहिला धोका कुठला? हरवण्याचा. तेव्हा लालभडक रेनकोट. दुसरा धोका?"

"प्राणी?" भोंगा उत्साहाने म्हणाली.

"ओलं बूड," काका गंभीरपणे म्हणाले. "घडीच्या स्टुलाशिवाय जाऊ नका. माझं घेऊन जा. आणि एक शिट्टी ठेवा. जनावर जवळ आलं की फुंकायची."

"काका, पण आम्ही तर जनावर जवळ यावं म्हणून चाललोय."

काकांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. मोठ्या लोकांना तुमचं बरोबर आहे असं वाटलं की ते असंच बघतात.

*

ढगराईच्या फाटकापाशी ते पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते असं घड्याळ म्हणत होतं. दुसरा काही पुरावा नव्हता. समोर पांढरं. मागे पांढरं. पांढऱ्यातून एक ठाणं, त्यात तीन खाटांची खोली, एक शेगडी, आणि दारात एक पन्नाशीच्या बाई. गळ्यात दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच, पायात गमबूट, हातात चहाचा पेला. फाटक यांच्या ताब्यात. आत जाणारा प्रत्येक माणूस यांच्या चाचणीतून जायचा.

चाचणी साधी होती. फाटकाशेजारून कठडा लावलेली एक पायवाट जात होती, शंभर पावलांची. ती कमीत कमी वीस मिनिटांत चालायची. मग वाटेवर काय होतं यावर तीन प्रश्न.

"म्हणजे जास्तीत जास्त वीस," बाबा म्हणाले.

"कमीत कमी, साहेब."

"हो हो. तेच."

आई आधी गेली. कठड्याच्या पहिल्याच खांबाशी थांबली, वाकली, चष्मा वर केला, आणि ढगात दिसेनाशी झाली. अडतीस मिनिटांनी उगवली ती म्हणाली, "त्या सातव्या खांबावरचं शेवाळं दोन प्रकारचं आहे ना हो? एक मऊ आहे आणि एक कुरळं." बाईंनी प्रश्न विचारलेच नाहीत. चहाचा दुसरा पेला आईच्या हातात दिला.

भोंग्याला चोवीस मिनिटं लागली. त्यातली सहा तिने मनात आकडे मोजून काढली, पण हे बाईंना कळलं असेल तर त्या बोलल्या नाहीत.

मग बाबा. बाबांनी बाह्या सरसावल्या. हळू चालायला कुणी बाह्या सरसावतं का? पण त्यांनी सरसावल्या. "चला," म्हणाले, आणि त्यांचा लालभडक रेनकोट वर्तमानपत्र चुरगळल्यासारखा करकर वाजत ढगात गेला. ती करकर दूर गेली, वळली, जवळ आली.

"चार मिनिटं," बाई घड्याळ बघून म्हणाल्या. "वाटेत काय होतं?"

"काहीच नव्हतं," बाबा म्हणाले. "वाट एकदम मोकळी होती."

नापास. चाचणी दिवसातून एकदाच. आणि अल्पवयीन मुलीची जबाबदारी घेणारा म्हणून अर्जात बाबांचंच नाव असल्याने, ते पास झाल्याशिवाय तिलाही आत सोडता येत नव्हतं.

"अहो, मग मी घेते तिला आत," आई म्हणाली. "मी पास झालेय."

"तुम्ही इतर सोबती आहात," बाई म्हणाल्या. "नाव बदलायचं तर नवा अर्ज. खालच्या कचेरीत. आठ दिवस."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी ढगाकडे पाहिलं. ढगाला काय, तो कुठेही बघू शकत होता.

दुसऱ्या दिवशी बाबा तयारीने उभे राहिले. रात्रभर त्यांनी गणित केलं होतं: शंभर पावलांना वीस मिनिटं म्हणजे पावलाला बारा सेकंद. पण गणित कागदावर आणि पाय अंगावर. चौथ्या पावलालाच पाय सुटले. ते आपल्याच वेगाला घाबरून मागे फिरले, परत पुढे गेले, परत मागे. भोंग्याला राहवेना. तिने कठड्यावरून ओरडायला सुरुवात केली. "बाबा, हळू! बाबा, अजून हळू! थांबा! अहो, थांबून बघा ना काहीतरी!" आवाज असा खणखणीत की ठाण्याच्या पत्र्यावरचं पाणी एकदम निथळलं.

बाईंनी घड्याळ बंद केलं. "एकवीस मिनिटं. पण याला चालणं म्हणत नाहीत साहेब, याला येरझारा म्हणतात. दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर घालतात त्या." मग भोंग्याकडे वळल्या. "आणि बाळा, तुझ्या आवाजाने पलीकडच्या डोंगरावरचं पाखरूसुद्धा उठून गेलं असेल. आत गेलीस तरी काय बघणार आहेस?"

हे लागलं. भरलं सभागृह चिडीचूप करणाऱ्या मुलीला हे लागलं, आणि लागल्यावर माणूस जवळच्यावरच राग काढतो. खोलीत आल्यावर ती म्हणाली, "तुमच्यामुळे दोन दिवस गेले, बाबा. सोमवारी मी तिथे उभी राहणार आणि माझ्याकडे सांगायला काही नसणार. मागचा बाक बोटांवर प्राणी मोजणार आणि हसणार. मी परत म्यूट होणार. तुम्हाला काय, तुम्हाला फक्त पोचायचं असतं!"

बाबांनी खिशातून तक्ता काढला. उत्तरेचा कडा, धबधबा, दक्षिणेची बाजू. तो चारपदरी घडी घालून काकांच्या स्टुलाखाली ठेवला, कारण स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता. मग त्या स्टुलावर बसले. स्टूल खटकन मिटलं आणि बाबा त्याच्यासकट. एरवी ती पोट धरून हसली असती. आईसुद्धा हसली नाही.

दुपारभर ती खाटेवर पडून राहिली. खिडकीत पांढरं होतं आणि पाऊस नसताना बाहेर टपटप चालू होती. तिने आईला विचारलं, "पाऊस पडत नाही, तर हे टपकतंय काय?"

"मलाही तेच वाटलं म्हणून मी त्या बाईंना विचारलं," आई म्हणाली. "झाडं ढगाला गाळतात म्हणे. पानांना, शेवाळ्याला ढग अडकतो, त्याचं पाणी होतं आणि खाली पडतं. इथलं जंगल स्वतःच स्वतःला पाणी घालतं."

भोंगा उठून बसली. राग अर्धा विसरली. कारण राग आणि कुतूहल तिच्या डोक्यात एकाच खोलीत राहायचे, आणि कुतूहल आडदांड होतं.

संध्याकाळी बाबा पायरीवर बसले होते. ती जाऊन शेजारी बसली. माफी वगैरे मागणं दोघांनाही जमत नव्हतं, म्हणून तिने प्रश्न विचारला.

"बाबा, तुमच्याकडे एखादं पार्सल हरवलं तर काय करता?"

"हरवत नाही."

"पण हरवलं तर?"

बाबांचा चेहरा बदलला. "मग घाई करून चालत नाही. त्याचा जो मार्ग होता, तोच मार्ग पकडायचा, अगदी पहिल्या थांब्यापासून. प्रत्येक थांब्यावर उभं राहायचं. इथे उतरवलं होतं का? कुणी हलवलं का? फळीखाली बघायचं, मागे बघायचं. एकदा एका बाईंची मोत्याएवढी पुडी होती, औषधाची. मला सहा तास लागले. कपाटाच्या फटीत सापडली. तो दिवस मला बाकीच्या सगळ्या दिवसांपेक्षा आठवतो."

"मग उद्या त्या वाटेवर एक पार्सल हरवलंय," ती म्हणाली.

"कसलं?"

"ते मला काय माहीत! सापडलं की कळेल."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी ढग इतका दाट होता की बाबांचा चष्मा दोनदा पुसून निरुपयोगी झाला आणि त्यांनी तो खिशात घातला. रेनकोट खुंटीला टांगून ठेवला. बाह्या सरसावल्या नाहीत. पहिल्या खांबाशी उभे राहिले, आणि उभेच राहिले.

भोंग्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. बाईंनी घड्याळ थांबवलं तरी बाबा येईनात. पस्तीस झाली. चाळीस. त्रेचाळिसाव्या मिनिटाला बाईच आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा हसू दाबत होत्या. "साहेब ओणवे झालेत आणि येत नाहीत म्हणतात."

बाबा आले ते ढोपरापर्यंत भिजलेले. तीन प्रश्नांची उत्तरं त्यांनी एका दमात दिली आणि मग स्वतःच सात विचारले. बाराव्या खांबाखाली बोटाच्या पेराएवढी गोगलगाय आहे, ती कालपासून किती सरकली? चाळिसाव्या पावलापाशी पानाची कड कातरलेली आहे, ताजी, रस ओला आहे, कुणी खाल्लं? आणि ते पाणी पडल्यासारखं टुक-टुक-टुक, पण एका ठरावीक तालात, ते पाणी नाही ना?

"बेडूक," बाई म्हणाल्या. "तुमच्या नखाएवढे. पानाच्या देठात बसतात."

"किती?"

"मोजून सांगा," असं म्हणून बाईंनी फाटक उघडलं.

आता आत गेल्यावर प्राण्यांची रांग लागली असेल असं कुणाला वाटेल. भोंग्याला तर वाटलंच होतं. आत तासभर चालून एक लाकडी बाक होता, आणि बाकासमोर पांढरं. बस्स. तिने वही उघडली, 'प्राणी' असं लिहून खाली रेघ मारली आणि वाट बघितली. आईने काकांचं स्टूल मांडलं. ते खटकन मिटलं आणि तो आवाज बंदुकीसारखा जंगलभर गेला. मग स्टूल आडवं ठेवण्यात आलं. बिस्किटाच्या पुड्याचा कागद फाडला तर असा चर्रर्र झाला की तिघांनीही बिस्किटं न चावता चघळून खाल्ली. तासांमागून तास. झाडाचं एक खोड ढगातून पुढे यायचं, ओळख द्यावी तशी फांदी दाखवायचं, आणि परत जायचं. संध्याकाळी परतताना वहीत शून्य होतं.

"एक गोगलगाय धर," आई म्हणाली.

"मागचा बाक गोगलगायीला अर्धं बोटसुद्धा देणार नाही."

चौथा दिवस शेवटचा. दुपारी निघायचं. तिघं उजाडताच बाकावर जाऊन बसली. आज कुणी काही उघडलं नाही, कुणी काही मांडलं नाही. बाबा, ज्यांना दवाखान्यात अर्धा तास बसता आलं नव्हतं, ते डोळे मिटून बोटांवर बेडूक मोजत होते. डावीकडे नऊ. समोर अकरा. उजवीकडे बरेच, गोंधळ.

भोंग्यानेही डोळे मिटले. उघडे ठेवून तरी काय दिसत होतं? आणि मग तिच्या लक्षात आलं की जंगल मुळीच गप्प नाही. गप्प तीच कधी बसली नव्हती. टपटप वेगवेगळी होती, रुंद पानावर जाड, शेवाळ्यावर मुकी. बेडकांचं टुक-टुक सगळीकडून होतं, जसं एखाद्या मोठ्या खोलीत शंभर घड्याळं असावीत.

आणि डावीकडची घड्याळं थांबली.

तिने बाबांचा हात धरला. बाबांचं बोट हवेत थांबलं होतं, त्यांनाही कळलं होतं. अगदी डावीकडचे नऊ बेडूक गप्प. मग त्यांच्या अलीकडचे. मग समोरचे, एकेक करून, कुणी घरातून चालत जाताना दिवे मालवत जावं तसे. एक शांतता चालत होती. तिला आकार होता. ती कुत्र्यापेक्षा मोठी असावी, फार घाई नसलेली. मध्येच थांबली. एक ओला, उग्र वास आला, भिजलेल्या घोंगडीसारखा, आणि कुणीतरी नाकाने लांब श्वास घेतला. त्यांचा वास घेतला! भोंग्याला ओरडावंसं वाटलं, आणि तिच्याजवळ आवाज होता, चांगला खणखणीत. तो तिने आत धरून ठेवला. आईची मांडी तिच्या मांडीला टेकली होती, तीही दगडासारखी घट्ट.

मग डावीकडचा एक बेडूक म्हणाला, टुक. त्याच्या शेजारचा म्हणाला, टुक. मागचे दिवे परत लागत गेले, आणि शांतता उजवीकडे, दूर, ढगात उतरून गेली.

बाबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि हातावरच रेघ ओढली. "इथून आला, इथे थांबला, इथून गेला. मार्ग पूर्ण." आई उठली, बाकासमोर वाकली, पट्टी धरून वाचावं तशी जमीन वाचत गेली आणि म्हणाली, "इकडे या." ओल्या मातीत एक पाऊल होतं, त्याच्या कडेला पाणी अजून झिरपत होतं. बाकापासून ते सहा वितींवर होतं. भोंग्याने मोजलं.

*

फाटकावर नोंदवही होती. रकाना: 'काय दिसलं'.

"कोण होतं ते?" बाबांनी बाईंना विचारलं.

"मी कुठे होते तिथे?" बाई म्हणाल्या. "तुम्ही होतात. तुम्हाला जे माहीत आहे ते लिहा. मी सही करते."

"बिबट्या लिही," बाबा हळूच म्हणाले. "अगं, असूही शकतो. तुझं सोमवारचं बोट भरेल."

भोंग्याने पेन हातात घेतलं. बिबट्या. तीन अक्षरांत सोमवार निभावला असता. मागचा बाक गार पडला असता. पण मग ती त्या सभागृहात उभी राहून, तिने साहेबांना जे म्हटलं होतं, तेच करत असती. नुसतंच सांगत असती.

तिने रकान्यात लिहिलं: 'काही नाही.' मग रकाना संपला तरी कडेने, वरून, खालून लिहीत गेली: नऊ बेडूक, अकरा बेडूक, वास, श्वास, पाऊल, सहा विती. बाईंनी वही फिरवून फिरवून सगळं वाचलं, चहाचा पेला बाजूला ठेवला, आणि सही केली. अधिकारी साहेबांना दाखवते म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये आई काचेतून बघत होती आणि बाबा, कुणी विश्वास ठेवणार नाही, लवकर पोचवणारी बस सोडून मुद्दाम गावोगाव थांबणाऱ्या बसमध्ये चढले होते. काकांचं स्टूल वर ठेवलं होतं, ते दर वळणाला खटकन मिटत होतं.

"मग सोमवारी काय सांगणार?" बाबांनी विचारलं. "पाच मिनिटं फार नसतात. मुद्दे काढायचे का? मी तक्ता—" ते थांबले. "म्हणजे, तू म्हणशील तसं."

"बोटं किती भरली, ते विचारतील त्या," आई म्हणाली. "शून्य म्हटलंस की चिडवतील. पुन्हा म्यूट म्हणतील."

"म्हणू देत," भोंगा म्हणाली. आणि ती सीटवर गुडघे टेकवून दोघांकडे तोंड करून बसली, तिचा आवाज अख्ख्या बसला ऐकू गेला, पुढच्या बाकावरचे आजोबा दचकून जागे झाले.

"आई, बाबा, माझं ठरलंय. सोमवारी मी स्टेजवर जाणार, पंखे बंद करायला लावणार, सगळ्या शाळेला डोळे मिटायला सांगणार, आणि पाचच्या पाच मिनिटं एक शब्दही बोलणार नाही. मग एकच विचारणार, मुख्याध्यापिका बाईंनासुद्धा: आत्ता तुमच्या मागून कोण चालत गेलं?"